काल दिसली नाहीस

९ जुलै

प्रिय वहिनी,

तुला आणि दादाला सलाम. पोचल्याचा फोन केला होता, पण फोनवर मला धड बोलता येत नाही. मी बोलायला लागले की सून टीव्हीचा आवाज कमी करते, मग माझं सगळं घरभर ऐकू जातं. तिकडे दादा मध्येच फोन ओढून घेतो आणि ऐकू येत नाही म्हणून माझ्यावरच ओरडतो. त्यापेक्षा पत्र बरं. निवांत लिहिता येतं, आणि खाडाखोडही करता येते.

घर छान आहे. मला वेगळी खोली दिली आहे, कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून ठेवले होते. मुलगा काळजी करतो. पण दोघं सकाळी कामावर जातात ती संध्याकाळी येतात, आणि मधला सगळा दिवस माझा. हे गेले, घर विकलं, सामान वाटून टाकलं, तेव्हा इतकी धावपळ होती की दमायला वेळच नव्हता. ते सगळं दमणं आता एकदम आलंय. दुपारी बसल्या जागी डोळे मिटतात.

रविवारी मुलाने चर्चमध्ये सोडलं. आपल्या चर्चच्या चौपट मोठं आहे. दाराशी छातीवर बिल्ले लावलेली माणसं उभी होती. टाय लावलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, पहिल्यांदाच आलात? हो म्हटल्यावर हातात फूल दिलं, नाव-नंबर लिहायला एक छापील कार्ड दिलं. उपासनेच्या मध्येच पाळकांनी नव्या पाहुण्यांना उभं राहायला सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर चहाला पाहुण्यांसाठी वेगळं टेबल, त्यावर पांढरं कापड, बसायला गादीच्या खुर्च्या. मी अगदी वरमाईसारखं मिरवून घेतलं. तू म्हणाली होतीस तशी, माणसांना सहज दिसावं म्हणून, तिसऱ्या बाकावर बसले होते.

तुला खोटं वाटेल, पण परत येताना गाडीत मला रडू आलं. इतक्या महिन्यांत मी कुठे आले म्हणून कुणाला आनंद झाला नव्हता. आता इथल्या चार माणसांनी मला ओळखावं, एवढंच माझं मागणं आहे.

तुझी,
बेबी


२० जुलै

प्रिय बेबी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. आता शेजारच्यांनाही तुझी सगळी खबर आहे.

फार बरं वाटलं. मी म्हटलं होतं ना, माणसं स्वतःहून येतील. फूल, टाळ्या, गादीच्या खुर्च्या! आपल्याकडे माझ्याशिवाय दारात कुणी नाही, आणि माझ्या हातात गीतपुस्तकाशिवाय काही नाही.

तुझं पुस्तक कपाटात तसंच आहे. तूच पडद्याच्या उरलेल्या निळ्या चौकड्याच्या कापडाचं कव्हर शिवलं होतंस, त्यामुळे ते लांबूनही दिसतं. नवीन पाळकांना या कपाटाचं फार आश्चर्य वाटतं. प्रत्येकाचं पुस्तक दाराजवळ ठेवलेलं, आल्यावर ज्याने त्याने आपलं उचलायचं, जाताना परत ठेवायचं. त्यांना वाटलं ही नुसती सोय आहे. मी सांगितलं, पहिलं गीत संपलं की मी कपाटाकडे बघते. ज्याचं पुस्तक उरलं तो आला नाही. मग सोमवारी त्याला फोन. ते हसले, म्हणाले, काकू, हे तर फारच हुशारीचं आहे. मुलगा भला आहे, मला उगीच नावं ठेवायची नाहीत. पण आता भिंतीवर पडदा लावलाय, गीतं त्याच्यावर दिसतात, त्यामुळे पुस्तकं कोण उचलणार? अर्धी पुस्तकं कपाटातच राहतात आणि माणसं मात्र आत बसलेली असतात. परवाच्या सोमवारी मी एकाला फोन केला, तर तो म्हणाला, काकू, मी तुमच्यासमोरूनच आत गेलो.

दमले गं. गुडघे दुखतात ते वेगळंच. सोमवारचे फोनही आता जड वाटतात. माझी रीत तुला माहीत आहे. का आला नाहीत असं विचारायचं नाही, पुढच्या रविवारी या असंही म्हणायचं नाही. एवढंच विचारायचं, काल दिसला नाहीत, बरं आहे ना? समोरचा आधी बरं आहे म्हणतो, आणि थोडं थांबलं की हळूहळू खरं सांगायला लागतो. ते थांबणंच आता होत नाही माझ्याने. कुणाचं दुखणं, कुणाचा मुलगा बोलत नाही, आणि ते सगळं ऐकून मी स्वयंपाकाला लागायचं.

दर रविवारी नजर तुझ्या पुस्तकावर अडते, आणि बेबीला उद्या फोन करायचा नाही हे मुद्दाम आठवावं लागतं.

तुझी वहिनी


१८ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

आता हस. परवाच्या रविवारी माझं पुन्हा स्वागत झालं. हे चौथं.

इथे दारावरची माणसं दर आठवड्याला बदलतात. पाळ्या लावलेल्या आहेत. टायवाले गेले की एक चष्मेवाल्या बाई, त्या गेल्या की एक तरतरीत मुलगी. प्रत्येकाला मी नवीन. दुसऱ्या वेळी मी सांगायला तोंड उघडलं, तोवर फूल हातात आलेलं होतं. तिसऱ्या वेळी सांगितलं की मी मागेही आले होते, तर त्या म्हणाल्या, पुन्हा आलात हे किती छान, आणि कार्ड दिलं. परवा त्या मुलीचा चेहरा इतका फुलला होता की मीच म्हटलं, हो, पहिल्यांदाच. चर्चच्या दारात खोटं बोलले, वहिनी. मग उभी राहिले, टाळ्या झाल्या. सून म्हणते, आई, आपल्याला फुलं विकत घ्यावीच लागत नाहीत.

चहाच्या वेळी एक गंमत केली. गंमत कसली, फजितीच. सभासद दुसऱ्या टेबलाशी उभे असतात, तिकडे भरपूर आवाज, हसणं, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाची बदली झाली. मी माझा कप घेतला आणि हळूच तिकडे जाऊन उभी राहिले. एका बाईंनी अगदी प्रेमाने माझा दंड धरला, म्हणाल्या, पाहुण्यांची सोय इकडे आहे, आणि मला परत गादीच्या खुर्चीवर आणून बसवलं. वर एक बिस्किट जास्त दिलं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर बहुतेक वेळा एक राखाडी स्वेटरवाली बाई असते, मोठी पर्स मांडीवर घेऊन. तीही दर वेळी कार्ड भरते, उभी राहते. आम्ही एकमेकींकडे बघून हसतो, बोलत मात्र नाही. काय बोलणार, दोघी एकाच खोटेपणात सापडलेल्या.

तुझ्या दारात असं कधी झालं नसतं. पडदा लागल्यावर काय झालं ते कळव. कोण आजारी, कोण बरं, सगळं लिही.

बेबी


३० ऑगस्ट

प्रिय बेबी,

तुझं पत्र वाचून दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, बेबीला लहानपणीही कुणी पेढा दिला की पहिला खाल्लेला ती सांगत नसे.

यात खोटेपणा कसला? आता एकदा टायवाल्यांना गाठ आणि सरळ सांग, मी इथलीच आहे, मला सभासद करून घ्या. लाजून चालणार नाही.

इथे सगळं ठीक. दारात माझं चालूच आहे. पडदा आहे, पुस्तकंही आहेत तिथेच. दादाच्या कानाचं यंत्र आणलं, त्याला ते शिट्टी वाजवतं म्हणून तो काढून खिशात ठेवतो. मग खिसा शिट्टी वाजवतो. गुडघ्याला लेप लावते आहे.

विशेष काही नाही.

तुझी वहिनी


५ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

उशीर झाला. डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. तुला आधी कळवलं नाही कारण तू उगीच यायला निघाली असतीस. सगळं नीट झालं, सुनेने रजा घेऊन डोळ्यात थेंब घातले. अजून अक्षर वाकडं येतं, सांभाळून घे.

ऑपरेशनच्या आधी तुझं ऐकून टायवाल्यांना गाठलं होतं. फार सज्जन माणूस. त्यांनी माझं नाव, पत्ता, फोन सगळं लिहून घेतलं आणि म्हणाले, नव्या सभासदांचा वर्ग सुरू झाला की कळवू. मी म्हटलं, अहो, मी जन्मापासून चर्चमध्ये आहे. ते म्हणाले, हो हो, पण पद्धत आहे.

मग मी सलग काही रविवार गेले नाही. डोळ्यावर हिरवी पट्टी लावून या खोलीत पडून होते. आणि तुला सांगायला लाज वाटते, पण दर सोमवारी मी वाट बघितली. कुणाची, ते मलाही माहीत नव्हतं. यांच्याकडे माझा नंबर आहे, इतक्या वेळा उभी राहिले आहे, एखाद्याला तरी वाटेल की ती निळ्या साडीतली म्हातारी कुठे गेली. फोन वाजला की मी डोळा धरून उठायची. बँकेचा असायचा.

शेवटी टपालाने एक पाकीट आलं. सुनेने वाचून दाखवलं. आपली भेट झाली याचा आम्हांला आनंद वाटला, पुन्हा अवश्य या. खाली छापील सही.

वहिनी, मला तेव्हा इतकं एकटं वाटलं, हे गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. आपल्याकडे मी एक रविवार चुकले असते तर सोमवारी सकाळी तुझा फोन आला असता, आणि बरं आहे म्हणून झाल्यावर तू थांबली असतीस.

माझं एक काम कर. माझं गीतपुस्तक पाठवून दे. इथे पडदाच आहे, पण हातात काहीतरी आपलं असावं. नुसत्या फुलाने आता भागत नाही.

बेबी


१४ ऑक्टोबर

प्रिय बेबी,

डोळ्याचं वाचून जीव खालीवर झाला. कळवायला हवं होतंस. आता जड उचलू नकोस, वाकू नकोस, धुरात जाऊ नकोस.

पुस्तकाचं म्हणशील तर टपालात कोपरे दुमडतात. कुणी तिकडे येणारं असलं तर त्याच्या हाती देईन. बघते.

दादा बरा आहे. यंत्र आता डब्यात ठेवलंय.

तुझी वहिनी


२२ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी दोन्ही डोळ्यांनी वाचलं, जुन्या आणि नव्या.

तू मला कधी अशी पत्रं लिहिली नाहीस. पूर्वी मी चार दिवस बहिणीकडे गेले तरी तुझ्या पत्रात सगळी मंडळी असायची. ऑर्गन वाजवणाऱ्या मास्तरांचा दमा, बेकरीवाल्याच्या मुलीचं लग्न ठरतंय की मोडतंय, पहिल्या बाकावरच्या आजींनी पाळकांच्या संदेशाच्या वेळी कुणाला चिमटा काढला. आता दोन महिने फक्त दादाचं यंत्र. आणि पुस्तक तुझ्या हाताशी असून तू ते पाठवत नाहीस.

माझ्यापासून काय लपवते आहेस? दादाला काही झालंय का? तुला काही झालंय का? मी सगळं सांगितलं तुला, खोटं बोलले तेही सांगितलं. तू पण सांग.

बेबी


२ नोव्हेंबर

प्रिय बेबी,

पुस्तक माझ्या हाताशी नाही. मी चर्चला जात नाही.

आता लिहिलंच आहे तर सगळं लिहिते. तुझ्या ऑगस्टच्या पत्राच्या आधीच ते झालं. पाळकांनी एका रविवारी मला पुढे बोलावलं. म्हणाले, काकू, किती वर्षं उभ्या राहिलात, आता बसा, तरुणांना करू द्या. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या बाकाच्या कडेला माझ्यासाठी पाठ टेकायची खुर्ची ठेवली होती, त्यावर उशी. त्याने ते खरंच मायेने केलं, बेबी. आणि मी तुला लिहिलं होतं ना, दमले म्हणून? त्यालाही तेच म्हटलं होतं. मग त्याने तरी काय करायचं?

मी खुर्चीवर बसले. दार पाठीमागे. कोण आलं, कोण नाही, काही दिसेना. दर वेळी दार वाजलं की मान वळायची आणि आजी मला चिमटा काढायच्या. दारात बिल्ले लावून दोन मुलं उभी होती, तुझ्याकडच्यासारखी. फुलंही आणली होती. ती कल्पना मीच दिली होती, तुझं पत्र वाचून.

पुढच्या रविवारी गुडघा ठणकत होता. खरंच ठणकत होता. दादाने विचारलं, आज नाही जायचं? मी म्हटलं, नाही. आणि खरं सांगते, झोपले. इतक्या वर्षांत रविवारी सकाळी मी झोपले नव्हते. फार बरं वाटलं.

सोमवारी सकाळी मी फोनजवळ भाजी निवडत बसले. भाजी निवडून झाली. मग तांदूळ घेतले. दादा म्हणाला, तांदूळ तर कालच निवडले होतेस. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी कशाची वाट बघतेय. आणि मग हेही लक्षात आलं की फोन येणार कुठून. माझंही पुस्तक त्या कपाटात उरलेलं असणार. पण पहिलं गीत संपल्यावर कपाटाकडे बघायचं हे काम माझं होतं. दुसऱ्या कुणाला ते मी कधी शिकवलंच नाही. मला वाटायचं, माझ्याशिवाय ते कुणाला जमणार नाही. थोडा तोराच होता तो.

मग मी हट्टाला पेटले. कुणी विचारेपर्यंत जायचं नाही. एक रविवार, दुसरा, मग मोजायचं सोडलं. दादाच्या फोनवर चर्चच्या मंडळीचे निरोप येतात. दर रविवारी दुपारी एक येतो, आज उपासनेला उपस्थित राहिल्याबद्दल सर्वांचे आभार. मी ज्या दिवशी इथे बसून मोजे रफू करत होते त्या दिवशीही माझे आभार मानले आहेत.

त्यांना वाईट म्हणू नकोस. बाजारात भेटतात, हसतात, काकू कशा आहात म्हणतात आणि मी बरी आहे म्हणायच्या आत पुढे जातात. आता रविवारी दादाच चहा करतो, दोन कप, आणि माझ्यासमोर बसून राहतो. साखर विसरतो. मी तसाच पिते.

तुला सांगितलं नाही, कारण तू तिकडे माझ्या दाराच्या आधारावर होतीस. तेच दार बंद झालंय हे तुला कसं लिहू? आणि तू पट्टी लावून फोनची वाट बघत होतीस, त्याच सोमवारी मीही इथे फोनजवळ बसलेली असणार. तुला फोन करायचं मला सुचलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

तुझी वहिनी


९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

काल दिसली नाहीस. बरं आहे ना?

आज सोमवार आहे. पुढचं मी काही विचारणार नाही, रीत तुझीच आहे. इथून कपाट दिसत नाही, पण मला माहीत आहे तुझं पुस्तक उरलं असणार, तपकिरी कागदाचं कव्हर, कोपऱ्यावर तेलाचा डाग. आता दर सोमवारी मी लिहीन. तू गेलीस तरी लिहीन, नाही गेलीस तरी लिहीन.

काल मी गेले होते. दारात फूल पुढे आलं तेव्हा मी ते घेतलं नाही. म्हटलं, ठेवा, कुणी नवीन येईल. नवीन पाहुण्यांनी उभं राहा म्हटल्यावर बसून राहिले. बाकाची कड धरून ठेवली होती, उभं राहण्याची इतकी सवय झालीय. राखाडी स्वेटरवाली काल आली नव्हती. चहाच्या वेळी मी टायवाल्यांना विचारलं, त्या बाई कुठे आहेत? ते म्हणाले, कोणत्या बाई? मग त्यांनी पाहुण्यांच्या कार्डांचा गठ्ठाच माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याबरोबर शोधत बसले. शेजारी बसून ती कार्ड भरायची तेव्हा तिचं नाव दिसलं होतं, त्यावरून तिचीही चार कार्डं निघाली.

आज सकाळी तिला फोन लावला. घरचे कामावर गेले होते, म्हणून मोठ्याने बोलता आलं. तुझंच वाक्य म्हटलं, जसंच्या तसं. ती म्हणाली, बरं आहे. मी थांबले, वहिनी. थांबणं किती कठीण असतं गं. मला वाटलं फोन बंद पडला. मग ती रडायलाच लागली. तिचा मुलगा परदेशी गेलाय, ती एकटी असते, आणि ती म्हणाली, चौकशी केलीत म्हणून मला वाटलं, इथल्या कुणी जुन्या सभासद बोलताहेत.

नंतर मी इतकी दमले की दुपारी जेवलेच नाही, तशीच झोपले. तू इतकी वर्षं दर सोमवारी हे कसं केलंस, मला कळत नाही.

बेबी


१७ नोव्हेंबर

प्रिय बेबी,

तुझं पत्र शनिवारी आलं. रविवारी बघते तर दादा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. म्हणाला, बेबीचं पुस्तक आणतो. कान गेल्यापासून त्याने चर्चची पायरी चढली नव्हती, तुला माहीत आहे.

दुपारी आला तो हातात फूल घेऊन. त्याला पाहुणा समजले! लहानपणी त्याच बाकाखाली खेळायचा तो. पाहुण्यांनी उभं राहा म्हणून सांगितलं ते त्याला ऐकू आलंच नाही, तो आरामात बसून राहिला, आणि टाळ्या वाजल्या तेव्हा त्यानेही वाजवल्या. आणि फूल माझ्यासाठीच दिलंय असं समजून त्याने ते जपून आणलं.

तुझं निळं पुस्तक आणलंय. कापडात गुंडाळून या पत्राबरोबर टाकते. माझं तिथेच राहू दे म्हणून सांगितलं होतं.

मी त्याला विचारलं, कुणी माझी चौकशी केली का? तो म्हणाला, केली असेल, एक-दोघं जवळ येऊन काहीतरी बोलत होते, मला ऐकू आलं नाही. मी त्याला यंत्र लावून का नाही गेलास म्हणून खूप बोलले. तेही त्याला ऐकू आलं नाही. मग मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, आणि तो साखर विसरलेला चहा घेऊन आला.

तर आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. काल दिवसभर बरं आहे असंच लिहायचं ठरवत होते. एक कागद तसा लिहून फाडला. मग मला वाटलं, तू तिकडे थांबली असशील.

बरं नाही, बेबी. गुडघ्याचं नाही म्हणत. बरंच नाहीये.

पुढच्या सोमवारी पुन्हा विचार.

तुझी वहिनी